फरासीस आला, पण नाव आधीच गेलं होतं

मराठीत ‘फिरंगी’ म्हटलं की डोळ्यांपुढे पोर्तुगीज येतो. वसईचा किल्ला, गोवा, चिमाजीअप्पा. शब्द मात्र मुळात पोर्तुगिजांचा नाही, फ्रेंचांचा आहे. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्यांनी गॉल प्रांत जिंकला आणि त्यांच्यावरून त्या देशाला फ्रान्स हे नाव पडलं. पुढे धर्मयुद्धांच्या काळात अरबांची गाठ पश्चिम युरोपातून आलेल्या सैन्यांशी पडली. त्यांत सगळ्या जातीचे लोक होते, पण अरबांनी सरसकट सर्वांना ‘इफ्रंज’ म्हटलं. फारसीत त्याचं ‘फरंगी’ झालं आणि दख्खनच्या दरबारी भाषेतून ते आपल्याकडे ‘फिरंगी’ म्हणून आलं. समुद्रमार्गे पहिला टोपीवाला आला तो पोर्तुगीज. १४९८ साली कालिकतला, १५१० साली गोव्याला. समोर आलेल्या पहिल्या माणसाला आपण हातातलं नाव देऊन टाकलं.

खरी पंचाईत झाली ती दीडशे वर्षांनी, ज्यांच्या नावावरून हा शब्द निघाला ते फ्रेंच दारात उभे राहिले तेव्हा. १६६४ साली फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि चारच वर्षांत सुरतेला तिची वखार झाली. फिरंगी म्हणावं तर ते नाव गोवेकरांकडे. मग फ्रेंचांसाठी नवा शब्द आला: फरासीस. पोर्तुगीज माणूस फ्रेंचाला ‘फ्रांसेश’ म्हणे, फारसी लिहिणारा ‘फरान्सीस’ म्हणे. मराठी कारकुनाच्या कानावर दोन्ही पडत असणार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर सावकारांची नावं एका ओळीत येतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. ही पाच नावं मोठ्यानं म्हणून पाहावीत. वलंदेज म्हणजे हॉलंडचा, पोर्तुगीज ‘ओलांदेश’वरून. इंग्रज हासुद्धा पोर्तुगीज ‘इंग्लेश’चाच अवतार, ल चा र होऊन आलेला. डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाला. यांतलं एकही नाव पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही. सगळी ऐकून लिहिलेली आहेत.

(फिरंगीची आणखी एक संतती आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात ‘फिरंगरोग’ येतो, म्हणजे गरमी. गंमत अशी की त्याच काळात इटलीतले लोक त्याच रोगाला फ्रेंचांचा रोग म्हणत होते. ही व्युत्पत्ती सहावीच्या वर्गात सांगू नये.)

वर्गाचा विषय निघाला तो यासाठी, की मुलांना माहितीपर पुस्तकांतून जुन्या फ्रेंच प्रवाशांची ओळख कशी करून द्यावी, हा सध्या माझ्या डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. आणि वर्ग पॅरिसचा किंवा माँट्रियलचा नाही, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरचा आहे. इंग्रजीत अशा पुस्तकांचं अमाप पीक आहे. चकचकीत कागद, शिडाचं जहाज, नकाशावर तुटक रेघेनं दाखवलेली वाट. कार्तिए, शांप्लँ, ला साल ही त्यातली ठरलेली मंडळी. अशी पुस्तकं आता आपल्याकडच्या शाळांच्या कपाटांतही येऊ लागली आहेत आणि त्यांचं मराठी करताना पहिलंच वाक्य हमखास असं पडतं: कार्तिएनं कॅनडाचा शोध लावला.

मराठीत ‘शोध लावणे’ आणि ‘शोध घेणे’ यांत केवढं अंतर आहे! हरवलेल्या म्हशीचा आपण शोध घेतो. ती सापडली तर शोध लागतो. पण म्हैस जिच्या गोठ्यात बांधलेली आहे त्या बाईला कोणी येऊन सांगितलं, की मी तुझ्या म्हशीचा शोध लावला, तर ती काय म्हणेल? संस्कृतातला ‘शुध्’ धातू स्वच्छ करण्याचा आहे. शोधन म्हणजे गाळ काढून निखळ ते वेगळं करणं. जुन्या मराठीत शोधणं हे पारखण्याच्या, निवडण्याच्या जवळ होतं. कोलंबसाच्या धड्यांनी त्याला भलत्याच कामाला जुंपलं. माझं मत विचाराल तर प्रवाशांच्या पुस्तकात ‘शोध लावला’ हा प्रयोग सरळ बंद करावा. ‘पोचला’ हे क्रियापद पुरतं.

झाक कार्तिए १५३४ साली सेंट लॉरेन्सच्या आखातात पोचला. तिथं इरोक्वियन भाषा बोलणाऱ्या लोकांचा म्होरक्या होता दोनाकोना. कार्तिएनं त्याच्या दोन मुलांना, दोमागाया आणि तैग्नोआग्नी यांना, जहाजावर घालून फ्रान्सला नेलं. दुसऱ्या वर्षी तीच मुलं वाटाडे होऊन त्याच्याबरोबर परत आली आणि नदीच्या वरच्या अंगाला बोट दाखवून आपल्या वस्तीकडे जायची वाट सांगू लागली. त्यांच्या बोलण्यात ‘कनाता’ हा शब्द होता. कनाता म्हणजे गाव, वस्ती. कार्तिएला वाटलं, हे प्रदेशाचं नाव. झालं. पुढे त्यानं आपल्या वृत्तांताच्या शेवटी त्या लोकांच्या शब्दांची यादी जोडली आणि तिच्यात हा शब्द नगर या अर्थानं स्वच्छ नोंदवलेला आहे. म्हणजे अर्थ कळल्यावरही नाव तसंच राहिलं. आज क्षेत्रफळानं जगात दुसऱ्या क्रमांकाच्या देशाचं नाव नुसतं ‘गाव’ आहे.

इथं जिंतूरच्या मुलांना सांगण्यासारखं बरंच आहे. आपल्याकडच्या कितीतरी नावांच्या शेवटी ‘ऊर’ येतो. कानडीत ऊरु म्हणजे गाव. लातूरचं जुनं नाव लत्तलूर, आणि राष्ट्रकूट राजे त्या नगरीचं नाव बिरुदात मिरवत. मराठवाड्याच्या मातीत कानडी किती खोल मुरलेली आहे ते या शेपट्यांवरून कळतं. जिंतूरविषयी गावात सांगतात ते असं, की हे मूळचं जैनपूर. गावाजवळच्या नेमगिरीवर तीर्थंकरांच्या मूर्ती असलेली लेणी आहेत, तेव्हा या सांगण्याला आधार नाही असं कोण म्हणेल? पण जैनपूरमधल्या प चा त कुठल्या वाटेनं झाला, हे व्युत्पत्तीच्या मागे लागलेल्यानं विचारल्याशिवाय राहू नये. ‘जिन’ या शब्दापुढे पूर न लावता आणखी काही लावलं असेल का? मुलांनी तालुक्याचा नकाशा घेऊन ऊर, पूर, गाव, वाडी, तांडा अशी शेवटं निवडून काढली तर दोन तास सहज जातील आणि कॅनडा त्यांना परका वाटणार नाही.

दोनाकोनाचं पुढे काय झालं हेही त्याच पुस्तकात असलं पाहिजे. बहुतेक बालपुस्तकं ते गाळतात. १५३६ साली परतताना कार्तिएनं त्याला आणि त्याच्या काही माणसांना पळवून फ्रान्सला नेलं. दोनाकोना तिथंच मेला. पुढच्या खेपेला कार्तिए आला तो त्यांच्यातल्या कोणालाही परत न आणता. या तिसऱ्या खेपेत त्याला नदीकाठच्या कड्यावर चमकणारे दगड सापडले. हिरे मिळाले म्हणून १५४२ साली तो ते घेऊन मायदेशी गेला. परीक्षा झाली तेव्हा कळलं की ती गारगोटी आहे, आणि बरोबर आणलेलं सोनं म्हणजे लोहमाक्षिक. तेव्हापासून फ्रेंचांत ‘कॅनडाच्या हिऱ्यासारखं खोटं’ अशी म्हण पडली. क्वेबेकमधल्या त्या कड्याचं नाव मात्र अजून ‘काप द्यामां’, म्हणजे हिऱ्याचं टोक, असंच आहे. फजितीची नावं तिकडे टिकतात. ला साल चीनला जायची वाट शोधायला निघाला आणि चीन काही सापडला नाही, तेव्हा माँट्रियलजवळच्या त्याच्या जहागिरीला लोकांनी कुचेष्टेनं ‘ला शीन’, म्हणजे चीन, म्हणायला सुरुवात केली. ते उपनगर आज त्याच नावानं नांदतं आहे. याच ला सालनं १६८२ साली मिसिसिपीचं सगळं खोरं चौदाव्या लुईच्या नावानं जाहीर केलं आणि त्याला लुईझियाना म्हटलं.

चौदावा लुई. हे नाव फळ्यावर राहू द्यावं, कारण इथून धागा थेट आपल्या दारात येतो.

त्याच राजाला १६६८ साली एका व्यापाऱ्यानं सुमारे ११२ कॅरटचा निळा हिरा विकला. तो गोवळकोंडा मुलखातल्या कोल्लूरच्या खाणीतला असावा असं मानतात. पुढे त्याला पुन्हा पैलू पाडले, १७९२ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या गडबडीत तो चोरीला गेला, आणि त्यातूनच घडलेला होप हिरा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. विकणारा होता झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए. सुरत ते गोवळकोंडा हा रस्ता त्याच्या पायाखालचा होता, आणि १६७६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यानं या रस्त्यावरच्या मुक्कामांची यादीच दिली आहे. दौलताबाद, औरंगाबाद, मग पिपेली, औबार, गिसेम्नेर, आस्ती, सार्वेर, लेसोना, नादूर. औबार म्हणजे अंबड, आस्ती म्हणजे परतूरकडची आष्टी, नादूर म्हणजे नांदेड. आष्टी आणि नांदेड यांच्या मधोमध काय आहे हे परभणी जिल्ह्यातल्या मुलाला सांगावं लागत नाही. जिंतूर या यादीत नाही, ते या वाटेच्या उत्तरेला राहिलं. पण सार्वेर आणि लेसोना आपल्याच शिवारातली. सार्वेर म्हणजे कोणतं गाव? सेलू? की दुसरंच काही? गुगलपेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांना आणि जुन्या गाडीवाटांना विचारून सोडवावं असं हे कोडं आहे.

कार्तिएची पुस्तकं मुलांना देऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण कार्तिएच्या आधी ताव्हेर्निएची ही यादी द्यावी. दृश्य डोळ्यांपुढे आणा. बैलाच्या रथात बसलेला एक टोपीवाला, बरोबर दुभाषी, आणि वेशीपाशी उभा एक माणूस. कोणतं गाव म्हणायचं हे? अंबड, मालक. टोपीवाला आपल्या वहीत औबार लिहितो. ड त्याच्या जिभेवर नाही, शेवटचा अक्षरभाग त्याला नीट लागत नाही. मुलं नेहमी जहाजावरच्या माणसाच्या बाजूनं पुस्तक वाचतात. या यादीत ती वेशीपाशी उभ्या माणसाच्या बाजूनं वाचतील, कारण खरं नाव त्यांना ठाऊक आहे आणि लेखकाला नाही. एकदा हे जमलं की कनाता सांगणाऱ्या त्या दोन पोरांची बाजूही त्यांना आपोआप कळेल.

या यादीत अंतरं कोसात आहेत. कोस हा शब्द ‘क्रोश’ वरून. क्रोश म्हणजे हाक, आरोळी. आक्रोश त्याचाच भाऊ. एका आरोळीच्या टप्प्यात येईल तेवढं अंतर, असा त्याचा मूळ हिशेब. पुढे तो चांगलाच लांबला, इतका की कुणाचीही आरोळी पोचू नये, पण शब्दात आवाज राहिला. बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो तेव्हा अंतर आवाजानं मोजतो आणि बदलही आवाजाचाच सांगतो. ताव्हेर्निए असे कित्येक बारा कोस ओलांडत गेला. प्रत्येक मुक्कामाचं नाव निराळ्या बोलीत त्याच्या कानी पडलं असणार. सुरतेच्या गुजरातीपासून गोवळकोंड्याच्या तेलुगूपर्यंत.

त्याच सुमारास आणखी एक फ्रेंच या बाजूला येऊन गेला, झाँ द तेव्हनो. १६६६ साली तो सुरतेला उतरला, औरंगाबादेत राहिला, वेरूळची लेणी पाहून त्यांचं वर्णन लिहिलं. युरोपीयांनी लिहिलेल्या वेरूळच्या सुरुवातीच्या वर्णनांत त्याचं नाव घ्यावं लागतं. तोही नांदेडवरून गोवळकोंड्याला गेला. त्याला घर दिसलं नाही. परतीच्या वाटेवर १६६७ साली इराणात तो वारला, आणि हिंदुस्थानावरचं त्याचं पुस्तक १६८४ साली मागाहून निघालं.

ताव्हेर्निएच्या पुस्तकातला एक भाग मात्र मुलांना सावकाश वाचून दाखवण्यासारखा आहे. रस्त्यात त्याला दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे काफिले भेटत. पाठीवर तांदूळ, धान्य, मीठ. ते समोरून आले की वाट मोकळी व्हायची वाट पाहत दोन-तीन दिवस बसून राहावं लागे. या लोकांना तो ‘मनारी’ म्हणतो. हे आपले बंजारा, लमाण. त्यांच्या बैलांच्या काफिल्याला नाव होतं तांडा. पुढे मालाची ने-आण आधी सडकांकडे आणि मग आगगाडीकडे गेली, बैलांचं काम संपलं, आणि चालत असलेले तांडे जागोजागी थांबले. ‘तांडा’ या शब्दाचा अर्थही थांबला. आज जिंतूर तालुक्यात तांडा म्हणजे वस्ती. हायवेला फाटा, फाट्यावर पाटी, आत पंचवीस-पन्नास घरं आणि शाळा. एकेकाळी जो शब्द कधी एका जागी राहत नव्हता, त्याच्या नावानं आता सातबारा निघतो. तांड्यावरून येणाऱ्या मुलाला चौदाव्या लुईच्या काळातल्या फ्रेंच पुस्तकात आपले पूर्वज सापडतात. कार्तिएच्या कोणत्याही पुस्तकाला हे जमणार नाही.

आता त्या प्रवाशाच्या नावाकडे येतो, कारण शाळेत पहिला वाद यावरच होतो. आपल्या पुस्तकांत ‘टॅव्हर्नियर’ आणि त्याच काळातला दुसरा फ्रेंच प्रवासी ‘बर्नियर’ असं असतं. फ्रेंच माणसाला ही नावं हाक मारून पाहा, तो वळून बघणार नाही. ताव्हेर्निए, बेर्निए. हा घोटाळा इंग्रजीतून आला. आपण ती नावं इंग्रजी पुस्तकात पाहिली आणि अक्षरं जशी दिसली तशी वाचली. ही डोळ्यांची मराठी. कानाची मराठी बघायची तर अठराव्या शतकातल्या कागदांकडे जावं. १७५१ साली फ्रेंच सेनापती ब्युसी निजाम सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादला आला आणि पुढची सात वर्षं दख्खनच्या राजकारणात त्याचा शब्द चालला. पेशवे दफ्तरात तो आहे ‘मुसा बुसी’. मुसा म्हणजे ‘मोश्यू’, आपल्या रावसाहेबांसारखं फ्रेंचांचं आदराचं संबोधन. कारकुनानं तेही नावाचाच भाग धरलं, आणि मुसा हे मुसलमानी नाव कानाला सवयीचं असल्यामुळे ते छान बसलं. चूक खरीच, पण ऐकणाऱ्याची चूक. बुसी हा उच्चार आजच्या पुष्कळ पाठ्यपुस्तकी नावांपेक्षा फ्रेंचच्या जवळ आहे.

ब्युसीच्या मागून आणखी एक शब्द आला, त्यावर मात्र जाणत्यांचं एकमत नाही. गारदी. कवायती पायदळातला शिपाई. इब्राहिमखान गारदी आधी ब्युसीच्या हाताखाली तयार झाला, मग निजामाकडे, मग भाऊसाहेबांकडे, आणि १७६१ साली पानिपतावर पकडला जाऊन मारला गेला. बारा वर्षांनी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून करणारेही गारदीच. हा शब्द फ्रेंच ‘गार्द’, म्हणजे पहारा, यावरून आला असं एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे तो अरबी ‘घर्बी’, म्हणजे पश्चिमेकडचा, यावरून आला आणि ‘गार्द’नं त्याला नंतर वळण दिलं. बंगालच्या फौजेतल्या पूरबी शिपायांना पूरबिये म्हणत, तसे हे पश्चिमेचे. मला पहिलं मत सोपं वाटतं, म्हणूनच त्याच्याविषयी थोडी शंका येते. आणि पानिपत म्हटलं की कोणीतरी विचारणारच: गारदी आणि गर्दी एकच का? भाऊगर्दी तिथलीच ना? भाऊगर्दी तिथली खरी. पण गर्दी निराळी. कोशकार तिचं मूळ फारसीत दाखवतात, आणि तिचा जुना अर्थ माणसांची दाटी नसून गोंधळ, कापाकापी असा आहे. दोन शब्द एकाच रणांगणावर भेटले म्हणून ते नातेवाईक होत नाहीत. काडतुसाचंही तसंच. फ्रेंच ‘कार्तूश’ आणि पोर्तुगीज ‘कार्तुशु’ दोघेही त्याच्यावर हक्क सांगतात.

ब्युसी गेल्यावर चाळीसेक वर्षांनी निजामाच्या फौजेत दुसरा फ्रेंच मोठा झाला, रेमाँ. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत तो निजामाकडून होता, आणि समोर मराठ्यांच्या बाजूला शिंद्यांच्या पलटणी घेऊन उभा होता पेराँ, तोही फ्रेंचच. फरासीस दोन्हीकडे. आपल्या भागातली माणसं १९४८ पर्यंत ज्या राज्यात होती त्या हैदराबादेत रेमाँला लोकांनी आपलंसं केलं. मुसलमान त्याला मुसा रहीम म्हणत, हिंदू मुसा राम. पुन्हा तोच मोश्यू, फक्त पुढचं नाव ज्यानं त्यानं आपल्या घरचं लावलं. १७९८ साली तो वारला, त्याच वर्षी इंग्रजांनी त्याची फौज मोडली. राहिलं ते त्याच्या नावाचं आवार, मुसारामबाग. जिंतूर-परभणीची माणसं दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी हैदराबादला जातात आणि आता मेट्रोनं फिरतात. मलकपेटच्या पुढे मुसारामबाग हे स्थानक आहे. गाडी तिथं टेकली की डब्यातला आवाज तेलुगूत, हिंदीत आणि इंग्रजीत हे नाव पुकारतो. मोश्यूचा उच्चार तिन्ही भाषांत मुसाच.